वाचकांचे प्रश्न: बेडिंग करताना रायफलीचा ट्रिगर काढावा का?

प्रश्न: अक्कलकोट रोडवर माझं परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. एका नेमबाजाच्या बोल्ट ॲक्शन रायफलीच्या लाकडी दस्त्याला इपॉक्सी बेडिंग करायचं आहे, म्हणजे धातूचा भाग नीट बसावा म्हणून दस्त्यात इपॉक्सीचा थर द्यायचा आहे. ट्रिगरला टेप गुंडाळून तो जागेवरच ठेवला तर चालेल का? काढला तर सेटिंग बिघडेल अशी धास्ती वाटते.

उत्तर: ट्रिगर काढाच. टेप कितीही घट्ट गुंडाळली तरी पातळ इपॉक्सी फटीतून आत शिरतं. सियरवर, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्यावर, त्याचा एक थेंब जरी वाळला, तरी ट्रिगर कधी अडकेल आणि कधी आपोआप सुटेल हे सांगता येत नाही. ग्रीस भरणं तर त्याहून वाईट. ते आत राहून धूळ धरतं, आणि दुकानाशेजारी यंत्रमाग असतील तर कापसाचे तंतूही त्यालाच चिकटतात.

सेटिंगची धास्ती नको. ट्रिगर स्वतःच्या डबीत असेल, तर वजनाचे (ट्रिगर किती जोराने ओढावा लागतो त्याचे) आणि पकडीचे (ट्रिगर सियरला किती धरतो त्याचे) स्क्रू त्या डबीतच असतात. रिसीव्हरमधल्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागातल्या, दोन आडव्या पिना काढल्याने ते हलत नाहीत. फक्त त्या स्क्रूंना हात लावू नका.

आधी मॅगझिन आणि बोल्ट काढा. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. ट्रिगरचं वजन गेजने पाच वेळा मोजून लिहून ठेवा, नंतर याच आकड्यांशी तुलना करायची आहे. मग दस्ता उतरवून मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. निघालेल्या पिना कागदावर चिकटवा आणि पिन कुठल्या बाजूने निघाली, पुढची कोणती, मागची कोणती, ते शेजारी लिहा. पंच पिनेच्या व्यासापेक्षा किंचित बारीक घ्या, रिसीव्हरखाली लाकडी ठोकळा ठेवा आणि हलकेच ठोका. बोल्ट स्टॉपची (बोल्ट मागे निघून येऊ न देणाऱ्या खटक्याची) बारीक स्प्रिंग उडून जाते, म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करा. काही जुन्या रायफलींत सियर मागच्या पिनेवरच तोललेला असतो. तिथे पिन काढता काढता तिच्या मागोमाग डबीच्या रुंदीएवढी तात्पुरती पिन सरकवा, म्हणजे आतले भाग सुटणार नाहीत. माउझर 98 घराण्याच्या रायफलीत वेगळी डबी नसते. सियर एका पिनेने रिसीव्हरला आणि ट्रिगर दुसऱ्या पिनेने सियरला जोडलेला असतो, आणि सियर व रिसीव्हर यांच्यामध्ये स्प्रिंग दाबलेली असते. ती दाबून धरूनच रिसीव्हरची पिन काढा.

डबी निघाली की रिसीव्हरच्या पिनांची भोकं, बोल्ट स्टॉपची खाच आणि प्रत्येक पोकळी मुलांच्या खेळायच्या क्लेने काठोकाठ भरून सपाट करा. हा टप्पा कोणी वगळला, तर भोकात इपॉक्सी घट्ट होऊन रिसीव्हर दस्त्यात कायमचा अडकतो, आणि मग दस्ता कापावा लागतो. दस्त्यातली ट्रिगरची खाचही क्लेने बुजवा. मेणाचे दोन-तीन पातळ थर सगळ्या धातूवर द्या, स्क्रूंच्या आट्यांवरही. रिकॉइल लगच्या, म्हणजे गोळी सुटताना बसणारा धक्का दस्त्यावर घेणाऱ्या रिसीव्हरखालच्या उंचवट्याच्या, पुढच्या, बाजूच्या आणि खालच्या पृष्ठावर साध्या पीव्हीसी टेपचे दोन थर लावा. मागच्या पृष्ठावर टेप अजिबात नको, कारण धक्का तिथेच टेकतो.

प्रश्न: मे महिन्यात इपॉक्सी पसरवायच्या आतच घट्ट होतं. सोलापुरात काय करावं?

उत्तर: तापमान 10 अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायची वेळ ढोबळमानाने निम्मी होते. डब्यावरची वेळ बहुधा 25 अंशांची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 40च्या वर जातो. भल्या पहाटे काम करा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी घेऊ नका. इपॉक्सीचे दोन्ही भाग काट्यावर तोलून घ्या, एका वेळी 40 ते 50 ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. वाटीत गोळा राहिला की तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो. लाकडात तेल मुरलं असेल तर आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटून येईल. रिसीव्हर दस्त्यात ठेवताना स्क्रू आवळू नका. रबरी नळीने हलकं बांधा आणि 24 तास हात लावू नका. घट्ट आवळलं तर रिसीव्हर वाकतो आणि तोच बाक बेडिंगमध्ये कायम राहतो.

प्रश्न: बेडिंग चांगलं झालं, पण नंतर ट्रिगर जड लागतो. कारण काय?

उत्तर: बहुधा डबी दस्त्याला टेकते आहे. बेडिंगमुळे रिसीव्हर किंचित खाली-वर होतो आणि पूर्वीची मोकळी जागा संपते. स्क्रू ढिले करून वजन मोजा, आवळून पुन्हा मोजा. फरक पडला तर डबीवर काजळी लावून दस्ता चढवा आणि उतरवा. जिथे डाग पडेल तिथे खरवडून चारही बाजूंना सुमारे 1 मिलिमीटर मोकळं करा. एखादी पिन पूर्ण आत गेली नसेल तरी असंच होतं. ती सपाट हवी, डोकं बाहेर नको. मग स्क्रू आवळा. धातूचे पिलर, म्हणजे स्क्रूभोवती बसवलेल्या नळ्या, नसलेल्या लाकडात 4 ते 4.5 न्यूटन मीटर, पिलर असतील तर 6 ते 7. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

यानंतरची तपासणी टाळू नका. रिकाम्या रायफलीत स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेली नकली गोळी, घाला. सेफ्टी लावून ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. काहीही सुटायला नको. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा. रबरी हातोडीने रिसीव्हरवर बाजूने ठोका, दस्त्याचं टोक थोड्याच उंचीवरून रबरी चटईवर आपटा. एकदाही फायरिंग पिन सुटली, तर ती रायफल ग्राहकाला देऊ नका.

प्रश्न: परवान्यावरची रायफल मालकाने घरीच उघडून हे काम केलं तर?

उत्तर: शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5नुसार बंदुकीच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्या, आणि परत घेताना वजनाचे आधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा.