रिकीब वाढत्या अंगाची घेऊ नका

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी १० वर्षांची आहे, सहा महिने झाले महालक्ष्मीला घोड्यावर रायडिंग शिकतेय. आता सर म्हणाले स्वतःचे स्टिरप (खोगिराला लोंबणाऱ्या, पाय टेकवायच्या कड्या) घ्या, म्हणून मी आणि तिचे बाबा जाऊन पावणेपाच इंची स्टीलचे घेऊन आलो, म्हटलं वाढत्या अंगाचे असलेले बरे, तीन-चार वर्षं तरी बघायला नको. तर शेजारच्या काकांनी बघितलं (त्यांचा मुलगा आधी रायडिंग करायचा) आणि म्हणाले हे मोठे आहेत, बदलून रबरवाले आणा. खरंच एवढा फरक पडतो का हो? बूट तर त्यात छान मावतोय.
— एक आई, परळ

उत्तर: बूट छान मावतोय हीच तर गडबड आहे. काकांचं ऐका, आजच बदलून आणा, बिल सापडत नसेल तरी जाऊन बघा.

शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो, चपला एक नंबर मोठ्या घेतो, पावसाळी बुटात कापूस कोंबून वर्ष काढतो, मी पण हे सगळं केलंय. पण रिकीब (क्लबात स्टिरप म्हणतात, घोडे सांभाळणारे सईस लोक रकाब म्हणतात, वस्तू एकच) पाय अडकवून ठेवायला असते असं आपल्याला वाटतं तिथेच चूक होते. पाय त्यात टेकवायचा असतो, आणि पडायची वेळ आली तर तो पटकन सुटला पाहिजे. रिकीब मोठी असली की बूट टाचेपर्यंत पलीकडे घुसतो, पोर एका बाजूला लोंबकळतं आणि घोडा बिचकला तर तो थांबत नाही, उलट बाजूला काहीतरी लटकतंय म्हणून अजून पळतो. लहान असली तर बूट कडेला पाचरीसारखा बसतो आणि निघत नाही, तेही तितकंच वाईट.

माप पायाचं घ्यायचं नाही, बुटाचं घ्यायचं, आणि तेही ती रायडिंगला घालते त्याच बुटाचं. बूट जमिनीवर ठेवा, दोन्ही बाजूंना दोन जाडी पुस्तकं उभी टेकवा, चवड्यापाशी जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, आणि बूट काढून मधलं अंतर मोजा. त्यात एक इंच मिळवा, म्हणजे दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच मोकळा. समजा बूट ८ सेंटिमीटर भरला, तर साडेदहाच्या आसपास हवं, म्हणजे ४.२५ इंच, सव्वाचार. तुम्ही आणलेली ४.७५ म्हणजे १२ सेंटिमीटर, त्यात ४ सेंटिमीटर रिकामे राहणार, एवढ्याशा पावलाला ते फार झालं. आणि रिकिबीचं माप आतून मोजतात, पाय टेकतो त्या पट्टीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाहेरून टेप लावून दुकानात वाद घालू नका, मी घातलाय आणि तोंडावर पडलेय.

आता रबरवाली. त्याला पीकॉक म्हणतात. बाहेरच्या बाजूला लोखंडी दांडीच नसते, तिथे एक जाड रबरी रिंग खाली-वर अडकवलेली असते, पायावर जोर आला की रिंग निसटते आणि पाय मोकळा. लहान मुलांसाठी मी हीच सांगते. रबर बाहेर, म्हणजे करंगळीच्या बाजूला यायला हवं, घोड्याच्या पोटाकडे गेलं तर काही उपयोग नाही, आणि हे उलटं लावलेलं मी इतक्या वेळा बघितलंय की आता मोजायचं सोडून दिलं. दुसरं, मुंबईच्या दमट हवेत रबर लवकर चिरतं. चार रिंगा जास्तीच्या घेऊन ठेवा आणि दर वेळी बसायच्या आधी ताणून बघा, बारीक भेगा दिसल्या की टाकून द्या, हेअरबँड वगैरे लावून वेळ मारून न्यायची नाही (हो, हेही बघितलंय).

मात्र पीकॉकला एकाच बाजूला दांडी असल्यामुळे वजनदार माणूस त्यावर जोर देऊन चढत राहिला की खालची पट्टी तिरकी होते. मुलगी मोठी झाली की वाकड्या दांडीची सेफ्टी घ्या, तिची बाहेरची दांडी पुढच्या बाजूला बाक दिलेली असते, त्यामुळे पाय सहज निघतो आणि रबराचं झंझटही नाही. मॅग्नेटवाल्या मिळतात त्या तूर्त नको, शिकणाऱ्या पोराला पाय स्वतः सांभाळायला शिकू दे.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही. खोगिराला ज्या आडव्या लोखंडी पट्टीत रिकिबीचा पट्टा अडकवतात, तिच्या टोकाला एक छोटा खटका असतो. तो उघडा, आडवाच ठेवायचा, म्हणजे वेळ आली तर अख्खा पट्टा मागे सरकून निघून येतो. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने हे खटके गंजतात आणि वर वळलेल्या अवस्थेतच घट्ट बसतात. मुलगी बसायच्या आधी अंगठ्याने दाबून बघा, हलत नसेल तर सईसला तेल घालायला सांगा, लाजू नका.

प्रश्न: वय ४६, बँकेत नोकरी, बोरिवलीहून रविवारी येतो. अर्ध्या तासाने गुडघे बोलायला लागतात. ग्रुपमधले म्हणतात जॉइंटवाले फ्लेक्सी स्टिरप घे, महाग आहेत. घेऊ का?
— एक वाचक

उत्तर: आधी फुकटचं करून बघा. बहुतेक मोठ्या माणसांची रिकीब आखूड असते, पाय वर घेतला की पकड बसल्यासारखं वाटतं म्हणून, आणि मग गुडघा सतत दुमडलेला, विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्यासारखा. दोन्ही पाय रिकिबीतून काढून सैल सोडा, रिकिबीची पट्टी घोट्याच्या हाडाला लागली पाहिजे. साध्या रायडिंगला एवढं पुरतं, जंप करताना दोन भोकं वर घ्यायची. बसायच्या आधी बोटांची टोकं पट्ट्याच्या बकलापाशी टेकवून रिकीब काखेपर्यंत येते का बघतात ना, तो नुसता अंदाज असतो, त्यावर थांबू नका.

दुसरं, दोन्ही पट्टे एकत्र लोंबत धरून बघा. आपण कायम डावीकडून चढतो त्यामुळे डावा पट्टा ओढून ओढून लांबतो, भोकांचे नंबर सारखे असले तरी लांबी सारखी नसते, आणि तुम्ही नकळत एका बाजूला कलून बसता. पट्टे अधूनमधून डावे-उजवे बदलत जा आणि चढताना स्टूल वापरा, त्यात कमीपणा काही नाही, घोड्याची पाठही वाचते.

एवढं करून दुखलंच तर फ्लेक्सी घ्यायला हरकत नाही, दांडीतल्या सांध्यांमुळे घोट्याला थोडा झोका मिळतो, काहींना खरंच बरं वाटतं. पण सांध्यांवरचं काळं रबर इथल्या हवेत फाटतं. मला विचाराल तर रुंद पट्टीची आणि पट्टा ओवायचं वरचं भोक आडवं वळवलेली बघा. त्यात रिकीब आपोआप समोर तोंड करून राहते, पट्टा नडगीला पिळत नाही, आणि गुडघ्याचा निम्मा त्रास त्या पिळण्याचाच असतो. दुकानदार ‘फिलिस’ म्हणाला तर ती कंपनी समजू नका, जेम्स फिलिस (१८३४–१९१३) म्हणून मोठे रायडिंग मास्टर होऊन गेले, त्यांच्या नावाचा तो पॅटर्न आहे, जड पट्टीचा आणि चांगला. बाकी घरी जिना उतरताना पण दुखत असेल तर दुकानात नको, डॉक्टरकडे जा.

प्रश्न: चोरबाजारात रिकिबींची जुनी जोडी मिळाली, पिवळसर झाक आहे, घासली की मस्त चमकते. वापरू का?
— कॉलेजवाला, गिरगाव

उत्तर: दाराला टांग आणि किल्ल्या अडकव. पिवळसर म्हणजे बहुतेक निकेलची असणार, ती मऊ असते, जोर आला की वाकते, आणि बुटासकट वाकली तर तुझा पाय आत. बसायला स्टेनलेस स्टीलच. हलकी अ‍ॅल्युमिनियमची घेऊ का असं पुढे विचारशीलच, तर जॉकी तसली वापरतात कारण त्यांना वजनाचा हिशेब चुकवता येत नाही. तुला जडच बरी, पाय सुटला तरी ती सरळ लोंबत राहते आणि खाली न बघता पुन्हा सापडते.

प्रश्न: पावसाळ्यात चामड्याचे बूट खराब होतात, गमबूट घालून बसलं तर?
— ठाण्याहून

उत्तर: नाही! एका जुलैत मी बसलेय. तळव्याच्या खोल खाचा रिकिबीच्या पट्टीत अशा रुतल्या की उतरताना उजवा पाय जमिनीवर, डावा वर अडकलेला, आणि मी घोड्याबरोबर लंगडी खेळत चाललेय. सईस चाचांनी लगाम धरला म्हणून, नाहीतर हे लिहायला मी नसते कदाचित. सपाट तळवा आणि अर्धा-पाऊण इंच टाच असलेला बूट हवा, रबरी रायडिंग बूट मिळतात ते चालतील. पट्ट्यांना बुरशी येते ती ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा, उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. आणि शिलाई बोटाने ओढून बघा, पावसाळ्यात आधी धागा कुजतो.

प्रश्न: माथेरानला जातोय, घोड्यावर बसणार, आमच्याकडे फक्त स्पोर्ट्स शूज आहेत.
— चौघी मैत्रिणी, डोंबिवली

उत्तर: बसा, पण चालीतच, पळवायला सांगू नका. शूजला टाच नसते म्हणून फक्त चवडा टेकवायचा, आत ढकलायचा नाही, आणि टाच किंचित खाली. बसल्यावर घोडेवाल्याला दोन्ही बाजूंची लांबी जुळवून द्यायला सांगा, तो घाईत असला तरी सांगा. लेस आत खोचा. आणि चौघींपैकी कोणी सँडल घालून आली असेल तर तिने आपली टॉय ट्रेन घ्यावी.