घरबांधणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बैठ्या घराचा स्लॅब टाकून बरेच दिवस झाले. आतलं प्लास्टरही वाळत आलंय. खिडक्या, फरशी आणि वायरिंग बाकी आहे. पाऊस नाही, नळाची लाइन अजून टाकलेली नाही, तरी मधल्या खोलीच्या कोब्यावर रोज सकाळी पाणी साचलेलं असतं. छताला ओल दिसत नाही. सध्या फक्त गच्चीच्या कठड्याच्या प्लास्टरला संध्याकाळी पाणी मारतात. ठेकेदार म्हणतात, गच्चीला वॉटरप्रूफिंग करून टाकू. करावं का?

उत्तर : इतक्यात नको. पाण्याची वाट सापडायच्या आधी केमिकल लावलं, तर खर्च होईल आणि पाणी येतच राहील.

छत कोरडं आणि खाली पाणी म्हटल्यावर पहिला संशय विजेच्या पाइपांवर. स्लॅब ओतण्याआधी सळयांवर टाकलेले हे पीव्हीसी पाइप पुढे भिंतीतून स्विचबोर्डच्या खोक्यात उतरतात. गच्चीवरच्या दिव्यासाठी किंवा टाकीच्या मोटरसाठी वर काढलेलं एखादं तोंड उघडं असेल, किंवा त्याच्या बुडाशी फट असेल, तर कठड्यावरून ओघळलेलं पाणी तिथून आत शिरतं. ते काँक्रीटला न भिजवता पाइपातून थेट खाली येतं, म्हणून छतावर डाग पडत नाही. शिवाय कोब्याच्या उतारानं ते भिंतीपासून दूर वाहतं आणि खोलीच्या मध्यावर साचतं.

तपासायला एक रात्र पुरते. खोलीतलं पाणी पुसून घ्या. प्रत्येक खोक्यात उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडात वर्तमानपत्राची कोरडी पट्टी खोचा आणि कठड्याला नेहमीसारखं पाणी मारू द्या. सकाळी जी पट्टी भिजलेली असेल, तो पाइप. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी गच्चीवर संशयित तोंडाभोवती खाण्याचा रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता. खाली तोच रंग उतरला की प्रश्न मिटला.

मग गच्चीवरच्या तोंडाला खाली वळणारा बेंड बसवा. तो गच्चीच्या तयार पातळीपेक्षा किमान 150 मिमी वर हवा. बुडाभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटनं (फटीत भरायच्या सिमेंटच्या मिश्रणानं) भरा. पाइपात कंप्रेसरची हवा मारा, वायर ओढायच्या स्प्रिंगला फडकं बांधून ते कोरडं निघेपर्यंत ओढा, आणि खोकी काही दिवस उघडी ठेवा. वायरी त्यानंतरच. ओढून झाल्यावर वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं, तपासून घ्या. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर लाइन चालू करू नका. खालचं तोंड सिमेंटनं बुजवायची युक्ती मात्र कुणालाही करू देऊ नका. पाणी पाइपाच्या झोलात अडकतं, सांध्यांतून काँक्रीटमध्ये झिरपतं आणि सळया गंजवतं.

सगळ्या पट्ट्या कोरड्या निघाल्या तर कोब्याकडे वळा. 1 मीटर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवून 24 तास ठेवा. कागदाखाली पाणी जमलं तर ओल जमिनीतून येतेय. आधी घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या दिशेनं मीटरमागे 2 सेंटिमीटर तरी उतार द्या. कागदावर थेंब दिसले तर ते दव आहे. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना साधारण 26 अंशांच्या पृष्ठभागावरही पाणी धरतं, आणि सावलीतला कोबा सहज तेवढा गार असतो. हे पाणी खिडक्या बसून खोली बंद करता आली की आटोक्यात येतं.

प्रश्न : नव्या बांधकामातलं पाणीच बाहेर पडतंय, असंही काहीजण सांगतात. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला साधारण 25 लिटर पाणी लागतं. सिमेंटशी त्यातलं निम्म्याच्या आसपास बांधलं जातं, उरलेलं कित्येक महिने वाफ होऊन निघत राहतं. त्यानं भिंती दमट राहतात, घाईनं मारलेली पुट्टी सुटते. डबकं साचत नाही.