वाचकांचे प्रश्न: खाजन, कपेलाची विहीर आणि कुमसार

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा ख्रिस्ती मंडळ्यांत सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ. त्यानिमित्त आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो. मग निसर्ग जपणे हा धर्माचा भाग कसा? (म्हापसा)

एक पान पुढे वाचा. उत्पत्ती 2:15 मध्ये देव माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवतो. मूळ हिब्रूतले पहिले क्रियापद 'आबाद': शेतात खपणे आणि देवाची सेवा करणे, दोन्हींसाठी तोच शब्द. दुसरे 'शामार', राखणे. निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, राखण लेवी वंशाकडे सोपवताना गणना 3 मध्येही हाच शब्द येतो. लेवीय 25:23 तर सरळ म्हणते की जमीन देवाची, तुम्ही तिच्यावर उपरे. गोंयकाराला हे समजावून सांगावे लागू नये. गांवकारीत, म्हणजे गोव्याच्या जुन्या गावसंस्थेत, शेत गावाचे असे, कसणाऱ्याला ते ठरावीक मुदतीपुरते मिळे. 24 मे 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी 67 व्या परिच्छेदात तुमचाच आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिले आहे. सत्ता म्हणजे लुटायची मुभा, हा अर्थ चर्चला मान्य नाही.

प्रश्न: आमच्या खाजनाचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतीचा) बांध गेल्या पावसात फुटला, खारे पाणी शेतात शिरले. कणशाच्या फेस्ताला (नव्या भातपिकाच्या सणाला) कणसे बाजारातून आणायची का? (सासष्टी)

कणसे विकत आणून फेस्त होईल, पण पाद्री ज्यावर आशीर्वाद मागतो ते तुमच्या शेतातले पहिले पीक असते. म्हणून आधी बांध.

मुळात तो फुटला का ते पाहा. समुद्राची पातळी वाढते आहे, तशी उधाणाची भरती बांधावर अधिक चढते. त्यातच थोड्या वेळात खूप पाऊस पडला की आतले पाणी बाहेर जायला जागा उरत नाही. तरीही बांध बहुधा वरून ओसंडून फुटत नाही, आतून पोखरला जातो. सुरुवात कुर्ल्यांच्या बिळापासून होते. बाहेरच्या अंगाला ओहोटीच्या वेळी चालत जा. जिथून गढूळ पाणी बारीक धारेने झिरपते, तिथे बीळ आरपार गेलेले असते. वरून मातीची पाटी ओतून ते बुजत नाही. पोकळी आत तशीच राहते आणि पुढच्या उधाणाला पाणी तीच वाट धरते. बीळ शेवटपर्यंत खणून उघडे करा, मग नदीतला चिकट चिखल पेंढ्यासह अर्धा फूट जाडीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर चोपून पक्का करा. हे काम भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास धरा, कारण तेव्हा भरती कमी चढते. अमावास्या-पौर्णिमेला ओला बांध टिकणार नाही. बांधाच्या बाहेरची कांदळवने लाटांचा मार खातात, ती तोडू नका. बांधाच्या माथ्यावर मात्र मोठे झाड नको. वाऱ्याने ते उन्मळले की मुळांबरोबर बांधाचा तुकडाही जातो.

दुसरे कारण मानस, म्हणजे बांधातली दारे असलेली मोरी. तिची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. मासळीच्या लोभाने कोणी रात्री ती अडकवून उघडी ठेवली, तर पोय, म्हणजे मानशीच्या आतले तळे, भरून खारे पाणी शेतात चढते. हे गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. मासळीचा लिलाव करताना मानशीची जबाबदारी कोणाची, हे कुळ संघटनेने (कसणाऱ्या कुळांच्या संघाने) कागदावर घ्यावे असे आमचे ठाम मत आहे.

शिरलेले मीठ पावसानेच धुवावे लागते. पहिले मोठे पाऊस शेतात दोन-तीन दिवस कोंडून ठेवा, मग ओहोटीला मानशीतून सोडा, पुन्हा कोंडा. पेरणीआधी माती तपासून घ्या. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, 3 डेसिसिमेन्स प्रतिमीटरच्या वर असेल तर साध्या भाताचे उत्पन्न घटू लागते. कोरगुट हा खाजनातला जुना भात त्याहून जास्त खार सोसतो. धुण्यात दिवस गेले की पेरणी लांबते. राय गावचे फेस्त 5 ऑगस्टला आणि ताळगावचे 21 ला, तोवर खाजनातले कणीस भरणार नाही. म्हणून एक लहान कोपरा मोरडीत (उंचावरच्या शेतात) किंवा खेरीत (रेताड शेतात) लवकर येणाऱ्या वाणाचा ठेवा.

प्रश्न: कपेलाच्या (लहान प्रार्थनामंदिराच्या) छपराचे पाणी शेजारच्या विहिरीत सोडायचे आहे. सांजांवाला (संत जॉनच्या सणाला) पोरे त्याच विहिरीत उड्या मारतात. चालेल का? (बार्देश)

चालेल. 80 चौरस मीटरचे कौलारू छप्पर, सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के घट धरली तरी मोसमात 1,92,000 लिटर पाणी येते. एवढ्या छपराला 110 मिलिमीटरचे दोन पाइप हवेत. एकच लावला तर जोराच्या सरीत पन्हळ ओसंडते आणि भिंत भिजते.

कौलांवरची धूळ आणि वटवाघळांची घाण पहिल्या सरीबरोबर येते. दर चौरस मीटरला दोन लिटर, म्हणजे 160 लिटर पाणी आधी वेगळे काढा. 200 लिटरचे पिंप पुरते. त्याच्या बुडाला बारीक भोक ठेवा, म्हणजे ते हळूहळू रिकामे होऊन पुढच्या सरीला तयार राहते. मग गाळणीची टाकी: तळाला फूटभर 40 मिलिमीटर खडी, वर नायलॉनची जाळी, त्यावर फूटभर धुतलेली वाळू. जाळी विसरलात तर वाळू खडीत उतरते. शेवाळाने वाळूचा वरचा थर तुंबतो, दर पंधरा दिवसांनी दोन बोटे खरवडून नवी घाला. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब हवा, आणि जांभ्यात भेगा असतात म्हणून त्याहून लांब असेल तर बरेच. खड्डा जवळ असेल तर आधी तो हलवा.

उड्यांनी तळाचा गाळ ढवळतो. त्याच संध्याकाळी, पोरे घरी गेल्यावर, दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर घाला. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर खोल असेल तर सुमारे 28,000 लिटर होते, म्हणजे 70 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, फक्त वरचे पाणी विहिरीत सोडा. तासभर उपसा नको.

प्रश्न: घरामागे कचरा जाळतो, हे कुमसारात (पाद्रीपुढे पापाची कबुली देताना) सांगावे का? (पेडणे)

सांगावे. 'लाउदातो सी'च्या 8 व्या परिच्छेदात ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलपती (पॅट्रिआर्क) बार्थोलोम्यू यांचे म्हणणे दिले आहे: निसर्गाविरुद्धचा गुन्हा हे स्वतःविरुद्ध आणि देवाविरुद्ध पाप आहे. पीव्हीसीच्या पाइपाचे तुकडे जळताना डायॉक्सिन सुटते, आणि ते शेजाऱ्याच्या पोराच्या छातीत जाते. पण बायबलमधल्या जकातदार जक्कयाने नुसती कबुली दिली नव्हती, लुबाडलेले चौपट परत करायचा शब्द दिला होता. तेव्हा आधी प्लास्टिक धुऊन, सुकवून पंचायतीच्या गाडीत द्या, पालापाचोळा जाळण्याऐवजी माडाच्या आळ्यात कुजवा, आणि ज्या शेजाऱ्यांनी इतकी वर्षे धूर सोसला त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागा.