‘मोठा’ जिल्हा नेमका कोणता?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेची विद्यार्थिनी दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत उतरली होती. ‘विदर्भातील सर्वांत मोठा जिल्हा कोणता?’ या प्रश्नाला तिने ‘नागपूर’ हे उत्तर दिले. परीक्षकांनी ‘गडचिरोली’ हेच बरोबर ठरवून गुण नाकारले. आम्ही हरकत घ्यावी काय? – एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, अवश्य घ्यावी. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा गडचिरोली विस्ताराने मोठा आहे, हे खरेच. परंतु २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या ४६ लाखांहून अधिक, तर गडचिरोलीची ११ लाखांच्याही आत होती. निकष सांगण्याची जबाबदारी प्रश्नकर्त्याची आहे; घंटीवर हात ठेवून काही सेकंदांत उत्तर देणाऱ्या मुलीने तो ओळखावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. भूगोलात जिल्ह्याचा मोठेपणा क्षेत्रफळानेच मोजतात, असे आयोजक म्हणतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, पण असा संकेत सर्वांवर बंधनकारक करायचा असेल तर तो नियमपत्रकात आधीच छापलेला हवा.

अर्जात परीक्षकांच्या हेतूविषयी चकार शब्द काढू नका. प्रश्न जसा विचारला गेला तसाच उतरवून घ्या, जनगणनेचे आकडे जोडा आणि दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत किंवा प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न द्यावा, एवढीच मागणी करा. हरकतीची मुदत मात्र नियमपत्रकात आजच पाहून घ्या.