रक्ताने पाप ‘धुतले’ जाते, की आणखी काही होते?

प्रश्न असा आहे: ‘ख्रिस्ती प्रार्थनांत आणि प्रवचनांत “येशूच्या रक्ताने पापे धुतली जातात” असे ऐकू येते. मराठीत रक्ताने कपडा माखतो, हात बरबटतात. धुवायला पाणी लागते. मग हे भाषांतर फसले आहे का? शिवाय तिथे “प्रायश्चित्त” शब्द येतो, तोही आपल्या नेहमीच्या अर्थाने आलेला वाटत नाही.’

भाषांतर फसलेले नाही. पण तुम्हाला जे खटकले ते अगदी नेमक्या जागी खटकले आहे. ‘रक्ताने शुद्ध होणे’ हा बायबलमधला जुना प्रयोग आहे. ‘रक्ताने पापे धुणे’ ही मात्र दोन वेगळ्या प्रतिमांची झालेली मिसळ आहे, आणि मराठीने ती इतक्या सहज पचवली याला मराठीची स्वतःची कारणे आहेत.

आधी ‘रक्त’ हाच शब्द पाहू. संस्कृतात तो ‘रञ्ज्’ धातूचे भूतकालवाचक रूप आहे. रंगले ते रक्त. अनुरक्त म्हणजे एखाद्याच्या रंगात रंगलेला, विरक्त म्हणजे रंग उतरलेला, आरक्त म्हणजे लालसर. रक्तचंदनात रक्ताचा थेंब नसतो, नुसता रंग असतो. शरीरातल्या द्रवाला असृज्, रुधिर, शोणित अशी नावे होतीच. त्यांना मागे सारून मराठीत रूढ झाला तो ‘रंगलेले’ या अर्थाचा शब्द. म्हणजे आपल्या भाषेत डाग पडणे हे रक्ताच्या नावातच आहे. अशा शब्दाला ‘धुणे’ जोडले की कान टवकारणारच.

वापरातही तेच दिसते. रक्ताचे नाते, रक्त आटवणे, रक्ताचे पाणी करणे, हाताला रक्त लागणे: नाते, कष्ट आणि हिंसा, या तिन्ही अर्थांनी रक्त येते, शुद्धीच्या अर्थाने येत नाही. विटाळाच्या कल्पनेत तर ते अशुद्धीचेच कारण. गावाकडे म्हसोबाला किंवा मरीआईला कोंबडे-बोकड पडते, कोकणात राखणदाराला ‘राखण’ दिली जाते, तेव्हा रक्त सांडते खरे, पण तिथे कोणी ‘माझे पाप गेले’ असे म्हणत नाही. तो देवाचा मान असतो, नवस फेडलेला असतो किंवा शिवेवरून काही आत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त असतो. पाप घालवायला आपल्याकडे तीर्थाचे पाणी, पंचगव्य, उपास आणि दान.

या राखणीचा सख्खा भाऊ बायबलमध्ये आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले, इस्राएली कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावतात. ते पाहून संहार त्या घराला ओलांडून पुढे जातो. या सणाला मराठी बायबलने ‘वल्हांडण’ म्हटले. वलांडणे म्हणजे ओलांडणे. मूळ शब्द ‘पेसाह’ तसाच उचलता आला असता. त्याऐवजी बोलीतले क्रियापद घेऊन ज्याने कोणी हा सण मराठीत आणला त्याला माझा दंडवत. मात्र लक्षात घ्या, दारावरचे हे रक्त पापाबद्दल काही सांगत नाही. ते घर राखते.

पापाचे आणि रक्ताचे गणित येते ‘लेवीय’ या बायबलमधल्या विधिनियमांच्या पुस्तकात. ते वाचताना क्रियापदांवर बोट ठेवत जा. याजक, म्हणजे पुरोहित, रक्त शिंपडतो, वेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना) बोटाने लावतो, वेदीवर उडवतो, उरलेले पायथ्याशी ओततो. हिब्रूत या प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आहे. धुण्याची क्रियापदेही आहेत, कपडे धुण्याचे निराळे आणि अंग धुण्याचे निराळे, पण त्यांच्याबरोबर येते ते पाणी. उलट सहाव्या अध्यायात एक बारीकसा नियम आहे: पापबलीचे रक्त कपड्यावर उडाले तर तो कपडा पवित्र जागी धुवावा. म्हणजे रक्ताचा डाग पडतो आणि तो धुवावा लागतो हे त्या याजकांनाही तुमच्या-माझ्याइतकेच ठाऊक होते. बाळंतपणाच्या रक्ताची अशुद्धी त्यांच्याकडेही होती. खुनाच्या रक्ताने भूमी भ्रष्ट होते, असे ‘गणना’ या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे.

मग त्याच रक्ताने शुद्धी कशी? उत्तर लेवीय १७:११ मध्ये आहे: शरीराचे जीवन रक्तात असते, आणि ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिले आहे. इथे ‘जीवन’साठी ‘नेफेश’ हा हिब्रू शब्द आहे. श्वास, गळा, प्राण, जीव, आपण स्वतः, इतके सगळे त्याच्या पोटात बसते. मराठीत मला त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘जीव’ वाटतो, कारण आपणही ‘जीव गेला’, ‘जीव घाबरला’, ‘जीव लावला’ आणि ‘चार जीव जगवले’ असे त्याला कुठेही नेतो. रक्त शुद्ध करते ते लाल द्रव म्हणून नव्हे, त्यात जीव आहे म्हणून. तो जीव देवाचा, म्हणून रक्त खायचे नाही; आणि तोच जीव मृत्यूचा, अशुद्धीचा उतारा. मराठी वाक्यात ‘रक्ताने’च्या जागी ‘दिलेल्या जिवाने’ घालून पाहा, निम्मा पेच सुटतो.

शुद्ध काय होते, हा आणखी मजेदार प्रश्न. आपण गृहीत धरतो की पापी माणूस. पण लेवीय सोळामध्ये, वर्षातून एकदा महायाजक परमपवित्रस्थानात, म्हणजे पवित्रस्थानाच्या सर्वांत आतल्या दालनात, शिरतो तेव्हा तो रक्त शिंपडतो ते तिथल्या कराराच्या कोशावरच्या, म्हणजे पवित्र पेटीवरच्या, झाकणावर आणि त्याच्यासमोर. मराठी बायबल या झाकणाला ‘दयासन’ म्हणते. लोकांच्या अशुद्धीमुळे पवित्रस्थान मळले आहे, म्हणून ते शुद्ध करायचे. लोकांची पापे त्या दिवशी वेगळ्याच वाटेने जातात: दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून ती कबूल केली जातात आणि तो बकरा जिवंतच रानात सोडला जातो. बळीचा बकरा म्हणून आपण ज्याला आज ओळखतो त्याचा बळी दिलाच जात नव्हता, हे सहज सांगून ठेवतो.

याकोब मिलग्रॉम या यहुदी अभ्यासकाने लेवीयावर तीन जाडजूड खंड लिहिले (१९९१ ते २००१). त्याने या रक्ताला सरळ ‘विधीतले डिटर्जंट’ म्हटले. ज्याला आपण ‘पापबली’ किंवा ‘पापार्पण’ म्हणतो तो हिब्रू ‘खत्तात’, आणि त्याचे भाषांतर ‘शुद्धीबली’ असे हवे, असा त्याचा आग्रह. बाळंतिणीलाही खत्तात आणावा लागे. मूल होण्यात तिचे पाप ते कोणते? मला हा मुद्दा पटतो. मराठीत मात्र ‘पापबली’ इतका रुजला आहे की आता बदलणे कठीण.

‘प्रायश्चित्ता’कडे वळतो. ‘प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते’ हा अंगिरसाच्या नावावर सांगितला जाणारा श्लोक धर्मशास्त्राच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतो: प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकेल ते सोडा, पण शब्दाचा स्वभाव त्यात अचूक आला आहे. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे. कृच्छ्र, चांद्रायण ही उपासाची व्रते, जप, दान. शरीर झिजवायचे ते स्वतःचे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या सगळ्याचा भलामोठा पसारा मांडलेला आहे. मराठीत म्हणूनच प्रायश्चित्त घेतले जाते, भोगले जाते, फार तर दिले जाते. आणि दिले तरी भोगणारा पापीच.

लेवीयात मात्र वाक्य येते, ‘याजकाने त्याच्यासाठी प्रायश्चित्त करावे’. हा ‘-साठी’ मराठी प्रायश्चित्ताला नवा. तुम्हाला शब्द ओळखीचा पण अर्थ अनोळखी वाटला तो इथे. मूळ क्रियापद ‘किप्पेर’. त्यावरून यहुद्यांचा ‘योम किप्पूर’. त्याचा मूळ अर्थ काय यावर पंडितांचे एकमत नाही: कोणी ‘झाकणे’ म्हणतात, कोणी अक्कादी ‘कुप्पुरु’शी जोडून ‘पुसून काढणे’ म्हणतात, आणि त्याच घराण्यातला ‘कोफेर’ म्हणजे जिवाच्या बदल्यात भरलेली रक्कम. लेवीय सोळातल्या विधीला ‘पुसून काढणे’ सर्वांत चांगले बसते असे माझे मत. मराठीत यासाठी तयार शब्द नव्हता. ‘प्रायश्चित्त’ हाच त्यातल्या त्यात जवळचा, आणि तो घेताना त्याचा कर्ता बदलला.

‘कोफेर’वरून आठवले. पैशांची ही प्रतिमा नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या ग्रीक भागात, ठळक होते आणि मराठी बायबल तिथे ‘खंडणी’ म्हणते: मनुष्याचा पुत्र (येशू) पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. ज्या काळी हे भाषांतर झाले तेव्हा खंडणी म्हणजे जिंकणाऱ्याला भरायची रक्कम. आज ‘खंडणीविरोधी पथक’ वाचणाऱ्या पोराला या वाक्यात भलतेच काही दिसते! पण ‘पाप फेडणे’ आपल्याकडे आहेच, म्हणजे पाप हे कर्ज ही कल्पना परकी नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असेच आहे.

आता शेवटी ‘धुणे’ आले कुठून? नव्या करारातले ‘इब्री लोकांस पत्र’ म्हणते, ‘रक्त ओतल्यावाचून पापांची क्षमा होत नाही’. क्रियापद ओतण्याचे, आणि त्याआधी ‘बहुतेक सर्व’ रक्ताने शुद्ध होते असेही म्हटले आहे. तो ‘बहुतेक’ महत्त्वाचा, कारण लेवीयाच्या पाचव्या अध्यायात गरिबाला पारव्यांची जोडीही परवडत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग पीठ चालत असे. योहानाच्या पहिल्या पत्रात येशूचे रक्त ‘शुद्ध करते’. यात धुणे कुठेच नाही. पापे धुवायची असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येते, पण तिथे बाप्तिस्म्याचे पाणी आहे.

रक्त आणि धुणे एकत्र येतात ते ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात. तिथे पहिल्याच अध्यायात ग्रीक पाठभेदाची एक गंमत आहे. ‘आपल्या रक्ताने आपल्याला पापांतून सोडवले’ यातले क्रियापद ‘लुसान्ति’. त्यात एक अक्षर जास्त पडले की होते ‘लूसान्ति’, म्हणजे ‘धुतले’. जुन्यात जुन्या हस्तलिखितांत सोडवलेलेच आहे. पण १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलने धुतलेले घेतले आणि तिथून ते भक्तिगीतांत, प्रवचनांत पसरले. सातव्या अध्यायात मात्र पाठभेदाची सबब चालत नाही. मोठ्या संकटातून आलेल्या माणसांनी आपले झगे कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, रक्तात धुऊन शुभ्र केले, असे तिथे स्पष्ट आहे. हा विरोधाभास जाणूनबुजून केलेला आहे. ग्रीक वाचकालाही तो तुमच्याइतकाच खटकला असणार, आणि खटकावा म्हणूनच लिहिला आहे. धुतले आहेत ते झगे, आणि धुणारी आहेत ती माणसे, हेही पाहा.

मराठीत हे वाक्य इतके निर्वेध का शिरले, तर ‘पापे धुणे’ हा तयार वाक्प्रचार गंगा-गोदेच्या काठावर आधीच पडलेला होता. पाण्याच्या जागी रक्त ठेवले, बाकी वाक्य तसेच राहिले.

याच गोष्टीची दुसरी मराठी बाजूही आहे. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यावर यहुद्यांचे यज्ञ थांबले, आणि योम किप्पूर उपासाचा व प्रार्थनेचा दिवस झाला. बेने इस्राएल त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे बंद करून घेण्याचा सण. त्या नावात ना रक्त, ना प्रायश्चित्त, ना धुणे.

तेव्हा तुम्ही लिहिताना लेवीयाबद्दल लिहीत असाल तर शिंपडणे, लावणे, ओतणे हीच क्रियापदे ठेवा. पत्रांबद्दल लिहीत असाल तर ‘शुद्ध करणे’. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात मात्र ‘धुऊन शुभ्र केले’ असेच राहू द्या. तिथे ‘शुद्ध केले’ अशी सारवासारव केली तर मूळ वाक्याचा धक्काच जाईल. ‘बळी’ की ‘बलिदान’ असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे: विधीसाठी बळी किंवा अर्पण. ‘बलिदान’ला आता हुतात्म्यांचा वास लागला आहे, तो लेवीयातल्या बोकडाला शोभत नाही.