किल्ली काढल्यावरही डीआरएल विझत नाहीत. बीसीएम बदलावा का?

बीसीएम, म्हणजे दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा गाडीतला संगणकी डबा, बदलण्यास लगेच होकार देऊ नका. तुम्ही लिहिले आहे की गाडी बंद करून लॉक केल्यानंतरही पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे दिवे, जळतच राहतात, सकाळी बॅटरी उतरलेली असते, सर्व्हिस सेंटरने स्कॅनर (गाडीतल्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र) लावून बीसीएम बदलावा लागेल असे सांगितले आहे. आणि शेवटी हे दिवे दिवसाही कायमचे बंद ठेवण्याचा काही उपाय आहे का, असेही विचारले आहे. मी आयटीआयमध्ये वाहनांच्या विद्युत यंत्रणेचा विषय शिकवून निवृत्त झालो आहे. नेमक्या याच दोषावरून आमच्या नात्यात झालेला वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवले नाही.

काही गाड्यांत लॉक केल्यानंतर अर्धा-एक मिनिट पुढचे दिवे मुद्दाम चालू ठेवलेले असतात, म्हणजे आपल्याला घराच्या दारापर्यंत उजेड मिळतो. तो दोष नव्हे. तुमचे दिवे रात्रभर जळतात, म्हणून हा प्रकार तुमच्याकडे नाही. मात्र बॅटरीविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्याकडे सर्व्हिस सेंटरने लक्ष दिलेले दिसत नाही. एलईडीचे डीआरएल असतील तर दोन्ही दिवे मिळून साधारण १५ वॅट धरा. १२ व्होल्टवर ते सव्वा अँपिअर होतात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. रात्रीच्या दहा तासांत त्यातले साडेबारा अँपिअर-तास जातील, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे जास्त. चांगली बॅटरी एवढ्यावर एका रात्रीत स्टार्टर फिरवायचे नाकारत नाही. डीआरएल २१ वॅटच्या साध्या बल्बांचे असतील तर गोष्ट वेगळी, कारण मग साडेतीन अँपिअर जातात आणि सकाळपर्यंत बॅटरी संपते. तुमचे दिवे एलईडीचे असूनही बॅटरी एकाच रात्रीत उतरत असेल, तर एक तर बॅटरी आधीच थकलेली आहे किंवा दिव्यांशिवाय आणखी काहीतरी वीज खात आहे, आणि हे मीटर लावल्याशिवाय कळणार नाही.

आता आमच्याकडे काय घडले ते सांगतो. माझे साडू कऱ्हाडला असतात आणि कामानिमित्त पावसाळ्यातही आंबा घाटातून कोकणात उतरतात. घाटातल्या धुक्यासाठी त्यांनी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून बंपरखाली ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे बसवून घेतले होते. काही महिन्यांनी त्यांचे डीआरएल किल्ली काढल्यावरही विझेनासे झाले. सर्व्हिस सेंटरने आधी बॅटरी बदलली, मग स्कॅनर लावला, कोणताही फॉल्ट कोड, म्हणजे दोषाची नोंद, मिळाला नाही, आणि शेवटी बीसीएम बदलण्याचे पाच आकडी अंदाजपत्रक हातात दिले. रोज रात्री बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवायचे आणि सकाळी पुन्हा लावायचे, असा त्यांचा क्रम सुरू होता. गौरी जेवणाच्या दिवशी ते सहकुटुंब सांगलीला आमच्याकडे आले, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे दिवे जळत असल्याचे माझ्या पत्नीने मला दाखवले. त्यांनी अंदाजपत्रक मला दाखवले होते, पण मत विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात काम करून घेण्याचे त्यांचे ठरले होते.

मी बॉनेट उघडून फ्यूज बॉक्सचे झाकण काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, त्यात डीआरएलच्या जागी १० अँपिअर लिहिले होते. दहाचा फ्यूज लाल असतो. तिथे हिरवा, म्हणजे तीसचा, बसवलेला होता. ज्याने हे काम शिकले आहे त्याला एवढे पाहूनच पुढचे बरेचसे कळते. फ्यूज काढला तर दिवे विझले, पुन्हा बसवून रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) काढला तरीही विझले. मग रिलेच्या रिकाम्या सॉकेटमध्ये ८५ आणि ८६ या दोन टोकांमध्ये व्होल्टेज पाहिले. ही रिलेच्या कॉइलची, म्हणजे त्यातल्या चुंबकाच्या वेटोळ्याची, टोके आहेत. बीसीएमला दिवे लावायचे असतात तेव्हा तो इथे १२ व्होल्ट मिळतील अशी व्यवस्था करतो. किल्ली काढलेली असताना तिथे काहीच नव्हते. म्हणजे बीसीएमने दिवे बंद करण्याचे आपले काम चोख केले होते. त्यानंतर हातातल्या सुट्या रिलेच्या ३० आणि ८७ या टोकांना मीटर लावला. कॉइलला वीज नसताना ही टोके एकमेकांपासून तुटलेली असायला हवीत, पण मीटर वाजला, म्हणजे ती जोडलेलीच होती. रिलेचे आवरण ब्लेडने उघडून मी साडूंना आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे दिव्यांची वीज जोडणारा-तोडणारा धातूचा भाग, दाखवला: तो काळा पडून चिकटला होता. त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले तिथे लावला तेव्हा किल्लीबरोबर दिवे लागले आणि किल्लीबरोबर विझले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा रिले आणून हॉर्नचा रिले परत जागेवर ठेवला. अंदाजपत्रकाच्या तुलनेत हा खर्च नगण्य होता.

साडूंनी विचारले, “अहो, स्कॅनर लावून पाहणाऱ्यांना जे दिसले नाही, ते तुमच्या मीटरला कसे दिसले?” हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरलाही तो लागू पडतो. स्कॅनर जे मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमसारख्या संगणकी डब्याला, ठाऊक आहे तेवढेच दाखवतो. बीसीएमने कॉइलची वीज तोडली की त्याच्या लेखी दिवे विझले. कॉन्टॅक्टच्या पलीकडे खरोखर काय झाले, हे त्याला कळवणारी तार पुष्कळ गाड्यांत नसते. म्हणून कोड येत नाही. कोड आला नाही, म्हणजे दोष मॉड्यूलच्याच आत असणार, असा निष्कर्ष काढणे ही तपासणी नव्हे. ज्या माणसाने एकाही टोकावर व्होल्टेज मोजलेले नाही, त्याला महागडा भाग बदलायला सांगण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी वर्गातही असेच सांगत असे.

खरा वाद यानंतर सुरू झाला. साडूंचे म्हणणे असे, आणि ते आजही तसेच आहे, की कंपनीने रिले हलक्या दर्जाचा बसवला. मला हे मान्य नाही. दुकानातल्या फिटरने नव्या दिव्यांसाठी वीज घेतली ती डीआरएलच्या तारेवरून, कारण ती बंपरपाशी सहज हाताला लागते आणि किल्ली काढली की नवे दिवेही आपोआप बंद होतात. दोन्ही हॅलोजन मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरहून अधिक. त्यात डीआरएलचे सव्वा अँपिअर. दहाचा फ्यूज यावर टिकणार नव्हताच. तो उडाला आणि त्याच्या जागी तीसचा ठोकला गेला. शिवाय हॅलोजनची थंड फिलामेंट लागताक्षणी तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दोष येईपर्यंत साडूंच्या नव्या दिव्यांचे बटण कायम चालू स्थितीत असे, त्यामुळे प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की तो सगळा झटका एलईडीसाठी ठेवलेल्या त्या छोट्या कॉन्टॅक्टवर बसत होता. ठिणगी पडते, धातू वितळतो, आणि एक दिवस कॉन्टॅक्ट सुटत नाही. यात रिलेचा काय दोष?

मला याहून अधिक चिंता तारेची वाटते. फ्यूज दिव्याच्या नव्हे, तारेच्या संरक्षणासाठी असतो. डीआरएलची तार बारीक असते, बहुधा अर्ध्या चौरस मिलिमीटरची. तिच्यावर तीसचा फ्यूज बसवला आणि पुढे कुठे तार घासून बॉडीला लागली, तर फ्यूज तुटण्यापूर्वी तारेचे आवरण वितळू शकेल, आणि तेही शेजारच्या तारांसकट. गाड्यांना आगी लागतात त्या अशा जोडण्यांतून. ज्यादा दिवे लावायचेच असतील तर बॅटरीवरून वेगळी जाड तार, बॅटरीजवळच तिचा स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र रिले घ्यावा. गाडीच्या मूळ तारेवरून केवळ नव्या रिलेच्या कॉइलपुरती वीज घ्यावी, जी पाव अँपिअरसुद्धा नसते. हे काम कोणताही प्रामाणिक ऑटो इलेक्ट्रिशियन दुपारच्या आत करून देतो. म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न हा आहे की गाडीत बाहेरून काही बसवून घेतले आहे का: ज्यादा दिवे, रिव्हर्स कॅमेरा, दुसरा म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉकचा अलार्म. “काही विशेष नाही” असे उत्तर साडूंनीही सर्व्हिस सेंटरला दिले होते.

बाहेरून डीआरएलच बसवून घेतलेले असतील तर आणखी एक शक्यता आहे. अशा काही संचांत बॅटरीला थेट जोडलेला एक छोटा डबा असतो आणि तो केवळ व्होल्टेजवरून इंजिन चालू आहे की बंद, याचा अंदाज घेतो. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय) असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या इंजिन बंद असतानाही साध्या बॅटरीपेक्षा थोडे जास्त व्होल्टेज दाखवू शकतात, आणि त्या डब्याला इंजिन चालूच असल्यासारखे वाटते. त्याची तार इग्निशनवर, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या तारेवर, घेतली की प्रश्न सुटतो.

किल्ली काढल्यावर दिव्यांबरोबर ब्लोअर किंवा म्युझिक सिस्टिमही चालू राहत असेल, तर डीआरएलचा रिले सोडून इग्निशनचा रिले आणि इग्निशन स्विच पाहा. बटणाने चालू होणारी ऑटोमॅटिक गाडी असेल, तर गिअर ‘पी’वर (पार्कवर) असल्याचे गाडीला कळते आहे का तेही पाहा, कारण ते न कळल्यास गाडी पूर्ण बंद होतच नाही.

दिवसा हे दिवे कायमचे बंद ठेवण्याविषयी: काही गाड्यांत मेनूमध्ये तशी सोय असते, काहींत हँडब्रेक ओढलेला असेपर्यंत ते लागत नाहीत, आणि बऱ्याच गाड्यांत कोणताही मार्ग ठेवलेला नसतो. मी स्वतः ते बंद करून देत नाही. स्वीडनने १९७७ पासून, कॅनडाने डिसेंबर १९८९ पासूनच्या नव्या गाड्यांना आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना दिवसाचे दिवे बंधनकारक केले. आपल्याकडेही १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही, आणि तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा माणूस हाताने खूण करून “दिवा चालू आहे” असे सांगत असे. हा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो, समोरच्याला आपण दिसावे म्हणून असतो. पंधरा वॅटने पेट्रोलच्या खर्चात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडू नका. सर्व्हिस सेंटरला कॉइलच्या टोकांवर आणि दिव्याच्या तारेवर किती व्होल्टेज मिळाले, ते जॉबकार्डवर लिहून मागा. मी सांगितलेली पद्धत रिले असलेल्या गाड्यांची आहे. अनेक नव्या गाड्यांत डीआरएलला रिलेच नसतो, बीसीएम आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून दिव्यांना थेट वीज देतो. तिथे बीसीएमकडून दिव्याकडे जाणारी तार कनेक्टरमधून सोडवून पाहावी. तार सोडवल्यावरही दिवे जळत राहिले तर वीज दुसरीकडून येते आहे, आणि विझले तर बीसीएमचा आतला स्विच खरोखरच निकामी झालेला असू शकतो. तेव्हा सर्व्हिस सेंटरचे म्हणणे बरोबर ठरेल. कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवट गंज चढला आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये.

इतर काही वीज खात आहे का, हे पाहण्यासाठी गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळी मॉड्यूल झोपी जातात. बॉनेट मात्र आधीच उघडून ठेवा. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरील दोन उघड्या ठिपक्यांना टोके लावा. फ्यूज काढू नका, कारण काढल्याने मॉड्यूल पुन्हा जागी होऊ शकतात. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही आकडा दिसेल, त्या वाटेने वीज जात आहे. निरोगी गाडीत एकूण गळती ५० मिलिअँपिअरच्या आत असते.

गाडीचे मॉडेल आणि वर्ष तुम्ही लिहिलेले नाही. ते कळवा, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरील नकाशाचा आणि आत प्रत्यक्ष बसवलेल्या फ्यूजचा असे दोन फोटो जोडा. रिले आहे की नाही आणि पुढे कोणती तार तपासायची, ते त्यावरून सांगता येईल.