नरवानर, अधिवृक्क आणि खाटकाकडचा गुर्दा

प्रश्न असा आला आहे : एका विज्ञानलेखात ‘नरवानरांच्या गर्भातील अधिवृक्क ग्रंथीच्या वाढीवर संप्रेरकांचे नियंत्रण’ असे शब्द होते. नरवानर म्हणजे वानराचा नर ना? मग त्याच्या पोटी गर्भ कुठून आला? आणि अधिवृक्क हा अगम्य शब्द हवाच कशाला, सरळ ॲड्रिनल म्हटले तर काय बिघडते?

पहिल्याचा निकाल लगेच लावतो. इथला ‘नर’ मादीचा जोडीदार नव्हे; इथला नर म्हणजे माणूस. नरसिंहाला कुणी सिंहाचा नर समजत नाही, मग नरवानरावरच हा अन्याय का? नर आणि वानर असा साधा द्वंद्व समास आहे. माणूस, चिंपँझी, बॅबून, ऱ्हीसस माकड, पार लेमूरपर्यंत सगळे या गणात येतात. आणि ‘वा नरः’, म्हणजे हा माणूस तर नव्हे, ही वानराची व्युत्पत्ती कीर्तनात शोभून दिसते. व्युत्पत्ती म्हणून ती सांगू नये. तो शब्द वनातून आला आहे.

आता अधिवृक्क. कान किटले आहेत ते ‘अधिवृक्ष’ ऐकून. भाषणात अधिवृक्ष, आरोग्याच्या पत्रकात अधिवृक्ष. झाडाचा इथे काडीचाही संबंध नाही. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, आणि त्याच्या माथ्यावर बसलेली ती अधिवृक्क ग्रंथी.

वृक्क अगम्य म्हणता? रविवारी मटणाच्या दुकानात ‘कलेजी घाला, गुर्दाही घाला’ असे सांगता ना, तो गुर्दा म्हणजेच वृक्क. नुसता अर्थ एक आहे असे नव्हे, शब्दच एक आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, याचे रूप ‘वॅरॅध्क’ असे सापडते. त्यावरून मूळ शब्द ‘वृत्क’सारखा असणार. आपल्याकडे त्यातला ‘त्क’ घासून ‘क्क’ झाला, जसा पालीत सत्काराचा सक्कार झाला. इराणात सुरुवातीच्या ‘वृ’चा ‘गुर’ झाला : पहलवीत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीत, गुर्दग, आणि आताच्या फारसीत गुर्दा. हा योगायोग नव्हे, ही तिथली ठरलेली चाल आहे. आपला वृक, म्हणजे लांडगा, फारसीत गुर्ग होतो. वराहाचा गुराज़ होतो. आपल्या गुलाबातला ‘गुल’सुद्धा ‘वृद’सारख्या जुन्या रूपावरून याच वाटेने आला आहे. एका घरातली दोन भावंडे वेगळी झाली. एक वैद्याच्या पोथीत राहिले, दुसरे इराण फिरून खाटकाच्या पाटावर आले.

म्हणून ‘गुर्दा फारसी, सबब परका’ असा शेरा मारून मोकळे होणारे कोशकार मला पटत नाहीत. शेरा खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि अर्ध्या शेऱ्याने शब्द उगाच वाळीत पडतो. ‘वृक्’ म्हणजे घेणे या धातूवरून वृक्काची उपपत्ती लावणाऱ्या पंडितांशी तर माझे उघड भांडण आहे. अवेस्तातला मधला दंत्य वर्ण, म्हणजे तो ‘ध्’, त्या धातूत बसतो कुठे? बसवून दाखवा, मग बोलू.

कुणी म्हणेल, मूत्रपिंड हा सोपा शब्द असताना ‘अधिमूत्रपिंड’ का नको? कारण मूत्रपिंड हे कामावरून पडलेले नाव आहे. चरकाने कोष्ठांगांत, म्हणजे धडातल्या अवयवांत, वृक्क मोजले, सुश्रुताने ते रक्त आणि मेद यांच्या प्रसादापासून, म्हणजे सारापासून, होतात म्हटले, मध्ययुगीन वैद्य शार्ङ्गधराने पोटातल्या मेदाचे पोषण त्यांच्याकडे दिले. लघवीचा विषयच नाही. आणि ही ग्रंथीही लघवी बनवत नाही, तिचे नाव पडले ते फक्त जागेवरून. १५६३ साली इटालियन शरीररचनातज्ज्ञ युस्टाकियसने तिचे वर्णन केले तेही मूत्रपिंडांवर टेकलेल्या ग्रंथी असेच. ‘अधि’ एवढेच सांगतो : वर.

आणि हा ‘अधि’ शोभतो तो गर्भातच. प्रौढ माणसात ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या तिसाव्या हिश्श्याएवढी, नुसती टोपी. जन्माच्या वेळी मात्र ती मूत्रपिंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. इतकी कशाने फुगते? नरवानरांच्या गर्भात तिच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, बहुतेक भाग एका खास पट्ट्याने व्यापलेला असतो आणि जन्मानंतर तो झपाट्याने विरून जातो. तो पट्टा डीएचईए नावाचा कच्चा माल बनवतो, आणि वार, हो, बाळंतपणात पडते तीच वार, त्यातून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करते. एकट्या वारेला ते जमत नाही, एकट्या ग्रंथीलाही नाही.

यावर अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे अल्ब्रेक्ट आणि नॉरफोकचे पेपे या संशोधकांनी बॅबूनवर वर्षानुवर्षे काम केले. बॅबूनचा गर्भकाळ सुमारे १८४ दिवसांचा. त्यांना दिसले ते असे : गर्भ वाढतो तसे इस्ट्रोजेन वाढते, ते वारेतल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जोर देते, ते विकर आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचे, म्हणजे आईच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या संप्रेरकाचे, निष्प्रभ कॉर्टिसोन करून टाकते. आईच्या कॉर्टिसॉलचा दाब उतरला की गर्भाची पोष ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, जागी होते आणि एसीटीएच हे अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक सोडते. त्याच्या हुकमाने अधिवृक्क स्वतःचे कॉर्टिसॉल करायला शिकते. तेच इस्ट्रोजेन त्या गर्भपट्ट्याला लगामही घालते : बॅबूनमध्ये इस्ट्रोजेन औषधाने रोखले तेव्हा पट्टा जास्त माजला. ज्या गर्भाचा मेंदू घडतच नाही, म्हणून एसीटीएचही पुरेसे सुटत नाही, त्याची अधिवृक्क खुरटलेली राहते, यावरून एसीटीएचचे वजन कळावे.

हुकूम सोडणाऱ्या या द्रव्यांना मराठीने संप्रेरक म्हटले ते उत्तम केले. इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ शब्द वापरात आणला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरकातल्या ‘ईर्’ धातूचाही तोच अर्थ. समीर, म्हणजे वारा, याच धातूचा.

दवाखान्यात ॲड्रिनल म्हणा, डॉक्टरांना तेच कळते. मराठीत लिहायला बसलात की ‘अधिवृक्क ग्रंथी’ लिहा, जोडाक्षर ‘क्क’, ‘क्ष’ नव्हे. अनेकवचनही ‘ग्रंथी’च. आणि ‘अधिवृक्काची ग्रंथी’ असे लिहू नका. अधिवृक्क हे तिचे विशेषण आहे, तिचा मालक नव्हे.